हत्ती गेला, शेपूट राहिले

विमान सुखरूप जमिनीस टेकले की आतल्या मंडळींचा जीव भांड्यात पडतो. कमरेचे पट्टे सुटू लागतात, वरच्या कप्प्यांतील पिशव्या खाली येऊ लागतात, 'पोहोचलो' असा निरोप घरी जातोसुद्धा. वस्तुतः प्रवास अजून संपलेला नसतो. धावपट्टी सोडून विमान आपल्या उभे राहण्याच्या जागेकडे निघालेले असते आणि ती जागा जवळ आली की ते माणसाच्या चालीने सरकत असते. नेमक्या याच अंतरात केव्हा एखाद्या विमानाच्या पंखाचे टोक शेजारच्या विमानास घासते, केव्हा ते खांबावर आदळते, तर केव्हा एखादी मालगाडी किंवा ओढगाडी आडवी येते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी छापल्या जातात: पंखास किरकोळ इजा, जीवितहानी नाही, चौकशीचा आदेश. वाचक पान उलटतो. त्या चार ओळींच्या विषयास आज आम्ही मुद्दाम पहिल्या पानावर जागा देत आहोत. जे किरकोळ म्हणून सोडून दिले जाते त्याचा हिशेब कधीतरी मांडला पाहिजे, असे आम्हांस वाटते. आणि तो मांडण्याचा अधिकार आमच्या या शहरास इतर कोणत्याही शहरापेक्षा अधिक आहे. तो का, हे पुढे स्पष्ट होईल.

अलीकडच्या तीनच घटना पाहू. २७ मार्च २०२४ रोजी कोलकात्याच्या विमानतळावर एअर इंडिया एक्सप्रेसचे एक विमान धावपट्टीवर जाण्याच्या परवानगीची वाट पाहत थांबले होते. शेजारून जाणाऱ्या इंडिगोच्या विमानाचा पंख त्याच्या पंखास लागला आणि थांबलेल्या विमानाच्या पंखाचे वळवलेले टोक तुटून खाली पडले. दोन्ही विमानांत उतारू होते. त्याच वर्षी १६ मे रोजी पुण्याच्या लोहगाव विमानतळावर दिल्लीस निघालेले एअर इंडियाचे विमान धावपट्टीकडे जाताना एका ओढगाडीवर आदळले. आत सुमारे १८० उतारू होते. विमानाच्या नाकास आणि एका चाकास इजा झाली, माणसे बचावली. १४ जुलै २०२५ रोजी मुंबईत बंगळुरूहून येऊन उभ्या राहिलेल्या आकासा एअरच्या विमानास मालवाहू ट्रकने धडक दिली. तिन्ही ठिकाणी एकही मनुष्य दगावला नाही, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु तिन्ही ठिकाणी आकाश निर्दोष होते, यंत्रे धड होती आणि वेग थोडा होता. तरीही टक्कर झाली. ज्या कारणांवर आपण विमानाच्या अपघातांचे खापर नेहमी फोडतो, त्यांपैकी एकही येथे हजर नव्हते, ही बाब विचार करण्यासारखी आहे.

विमान हे हवेत चालण्यासाठी घडवलेले यंत्र आहे. जमिनीवर ते परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे अवघडलेले असते. वैमानिकांच्या बोलीत जमिनीवरून विमान चालवत नेण्यास 'टॅक्सी करणे' म्हणतात. पण टॅक्सीचा चालक आपल्या गाडीची चारही टोके जशी ओळखून असतो, तशी विमान चालवणाऱ्यास आपली टोके दिसत नाहीत. मोठ्या प्रवासी विमानाच्या वैमानिकास बसल्या जागेवरून पंखाचे टोक दिसणे कठीण, पुष्कळ विमानांत तर अशक्यच असते. त्यातून मागे झुकलेल्या पंखांचे विमान वळू लागले की बाहेरच्या बाजूच्या पंखाचे टोक आधीच्या रेषेच्या पलीकडे झेपावते. सरळ जाताना जी जागा पुरेशी होती, ती वळताना अपुरी पडते. उसाची मोळी लादलेल्या ट्रॉलीमागून मोटारसायकल चालवणाऱ्यास हा अनुभव नवा नाही. ट्रॅक्टर वळतो एकीकडे आणि ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाची शेंडे फिरतात भलतीकडेच.

लहान विमानाची तऱ्हा वेगळी. फ्लाइंग क्लबात आणि वैमानिक-प्रशिक्षण संस्थांत जे सेस्ना १७२ जातीचे विमान सर्रास दिसते, त्याच्या पंखांची रुंदी टोकापासून टोकापर्यंत ११ मीटर, म्हणजे सुमारे ३६ फूट भरते. आपला साधा दुपदरी रस्ता सात मीटरांचा असतो. चार माणसे बसतात त्या एवढ्याशा यंत्रास दुपदरी रस्ताही पुरणार नाही, हे त्याच्या आटोपशीर बैठकीत बसलेल्या विद्यार्थ्याच्या सहज ध्यानात येत नाही. शिवाय जमिनीवर हे विमान हातांनी वळत नाही; ते पायांनी वळवावे लागते. मोटार चालवण्याची सवय असलेला नवशिका विमान कडेला जाऊ लागताच घाबरून हातातले चक्र फिरवतो आणि विमान आपल्याच वाटेने जात राहते. ब्रेकही पायांच्या चवड्यांशी, उजवा वेगळा आणि डावा वेगळा. इंजिन गरजेपेक्षा जोरात चालू ठेवले तर विमान सारखे पुढे ओढ घेते. त्यास ब्रेकने रोखत राहिले तर ब्रेक तापतात आणि ऐन वेळी दगा देतात. पुढे फिरणारा पंखा मिनिटास सातशे-हजार फेरे घेत असल्याने डोळ्यांस जवळजवळ दिसतच नाही. त्याच्या तडाख्यात सापडलेल्या माणसाची काय गत होते, याचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही.

या सर्वांहून मोठे कारण मनाचे आहे. उतरण्याच्या क्षणी वैमानिकाचे सर्व भान एकवटलेले असते. चाके टेकली, वेग मंदावला, धावपट्टी सुटली, की ते भान ढिले पडते. त्याच सुमारास त्याच्यापुढे किरकोळ कामांची रांग उभी राहते: पंखांच्या झडपा मिटवणे, दिवे बंद करणे, मनोऱ्याशी बोलणे, कोठे उभे राहावयाचे ते विचारणे, वहीत वेळ टिपणे. डोळे आत जातात आणि विमान बाहेर चालत राहते. हत्ती गेला नि शेपूट राहिले, असे म्हणून आपण जे उरले त्यास हलके लेखतो. विमानाच्या बाबतीत हे शेपूटच अडकते.

याचा अर्थ पूर्वीचे वैमानिक अधिक गुणी होते असा नव्हे. त्यांना सावध राहण्यावाचून गत्यंतर नव्हते. मुंबईस जुहूचा विमानतळ १९२८ साली सुरू झाला. बॉम्बे फ्लाइंग क्लबही त्याच वर्षीचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूसच उतरले. त्या काळच्या बहुतेक विमानांचे लहान चाक किंवा टेकू शेपटीखाली असे. जमिनीवर त्यांची नाके आकाशाकडे रोखलेली असत आणि वैमानिकास नाकासमोरचे काहीच दिसत नसे. म्हणून तो विमान नागमोडी चालवी. एकदा या बाजूने पाही, एकदा त्या बाजूने. समोर काही असेलच, असे धरून चालणे त्याच्या अंगवळणी पडलेले होते. पुढे नाकाखाली चाक आले, विमान जमिनीवर आडवे बसू लागले, समोरचे मोकळे दिसू लागले. आणि समोर दिसते म्हणजे आजूबाजूचेही दिसले, असा गैरसमज त्याबरोबर रुजला.

विमाने उभी करण्याच्या फरसबंद आवारात पिवळ्या रेषा आखलेल्या असतात. नाकाचे चाक त्या रेषेवर ठेवून चालले तर पंख कशास लागणार नाहीत, असा त्यांचा भरवसा. हा भरवसा खरा आहे, पण सशर्त आहे. आपले विमान ज्या आकाराच्या विमानांसाठी ती रेषा आखली त्याच आकाराचे असावे, शेजारचे विमान आपल्या खुणेच्या आत उभे असावे आणि वाटेत कोणी शिडी, सामानाची गाडी वा ठोकळा विसरलेला नसावा. या तिन्हींपैकी एक अट मोडली की रेषेवर अचूक चालणारा वैमानिकही टक्कर करून बसतो. लहान धावपट्ट्यांवर तर अशी रेषा पुष्कळदा पुसटलेली असते. तेथे उभ्या असलेल्या विमानांमधून वाट काढणे हे डोळ्यांच्या अंदाजावर चालते आणि दुरून पाहिलेल्या पंखाच्या टोकाचा अंदाज हा माणसास चकवणारा अंदाज आहे.

मराठवाड्याच्या वाचकास हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. आमच्या शहरातून बीडकडे जाणारा रस्ता आडूळ, पाचोड, वडीगोद्री, शहागड, गेवराई अशी गावे ओलांडीत जातो. अंबड तालुक्यातील वडीगोद्री हे या रस्त्यावरील नाक्याचे गाव. जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता येथेच त्यास मिळतो. जवळच अंकुशनगरचा साखर कारखाना असल्याने हंगामात उसाच्या दुहेरी ट्रॉल्यांची रीघ लागते. कापसाच्या दिवसांत कापसाच्या गाड्या असतात. आणि लांब पल्ल्याचे ट्रक तर बारमाही. अशा नाक्यावर घटकाभर उभे राहणाऱ्यास एक दृश्य हमखास दिसते. ट्रक मागे घ्यावयाचा झाला की क्लीनर खाली उतरतो. मागच्या कोपऱ्याशी उभा राहून तो हाताने खुणा करतो, 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणतो, आणि अंतर संपले की ट्रकच्या पत्र्यावर दोन थापा मारतो. थाप ऐकू आली की चालक जागच्या जागी थांबतो. का थांबवलेस, असे तो आधी विचारत नाही. ट्रक उभा राहिला की क्लीनर चाकाशी दगड लावतो आणि मगच चहास जातो.

विमानतळावरील सुरक्षिततेचे जे शास्त्र जगभर शिकवले जाते, त्यातील मोठा भाग या दृश्यात सामावलेला आहे. समोर उभा राहून हातांनी खुणा करणारा मार्शलर, पंखाच्या टोकाशी चालणारा माणूस, चाकांस लावावयाचे ठोकळे, आणि शंका येताच थांबावयाचे हा दंडक, ही सर्व त्या क्लीनरच्या कामाचीच रूपे होत. फरक इतकाच की ट्रकास क्लीनर असतो हे चालक, मालक आणि खुद्द क्लीनर यांपैकी कोणीही विसरत नाही. उलट लहान धावपट्टीवर दिवस मावळताना परतणाऱ्या शिकाऊ विमानास सामोरे जाण्यास माणूस असेलच असे सांगता येत नाही. काही लाखांच्या ट्रकास जी व्यवस्था आपण आवश्यक मानतो, ती विमानास ऐच्छिक मानावी, ही विसंगती आहे.

आणि आता त्या अधिकाराविषयी, ज्याचा उल्लेख आम्ही आरंभी केला. हाच बीड रस्ता चिकलठाणा विमानतळाच्या धावपट्टीच्या टोकापाशी जात होता. २६ एप्रिल १९९३ रोजी भर उन्हात, उष्णतेने हवा विरळ झालेली असताना, इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे बोइंग ७३७ विमान मुंबईस जाण्यासाठी औरंगाबादहून निघाले. आत ११८ माणसे होती. विमान वेळेवर उचलले गेले नाही. धावपट्टी संपता संपता ते वर आले तेव्हा समोरच्या रस्त्यावरून दाबलेल्या कापसाच्या गाठींनी भरलेला एक ट्रक जात होता. रस्त्यापासून जेमतेम सात फुटांवर विमानाचे डावे चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकास लागला. पुढे सुमारे तीन किलोमीटरांवर विमान उच्च दाबाच्या विजेच्या तारांवर गेले आणि कोसळले. ५५ जण मरण पावले, ६३ वाचले. चौकशीने दोन कारणे नोंदवली. वैमानिकांनी विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले, हे पहिले. विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरील वाहतूक नियंत्रित करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले, हे दुसरे.

ही दुर्घटना उड्डाणाच्या वेळची होती, थांब्याकडे जाण्याच्या वेळची नव्हती, हे आम्ही जाणतो. पण दुसऱ्या कारणाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. धावपट्टीच्या कुंपणाच्या आत विमानतळाचा कारभार आणि बाहेर रस्त्याचा कारभार. जेथे दोन्ही भेटतात ती काही हातांची जागा कोणाची, हा प्रश्न टळत राहिला. विमानाचे काम करणाऱ्यांस ट्रक दिसत नव्हता आणि ट्रकाच्या चालकास विमानाचे वेळापत्रक ठाऊक असण्याचा संबंध नव्हता. पुण्याच्या ओढगाडीची व मुंबईच्या मालट्रकची घटना या जातीचीच आहे. विमान आणि वाहन एकाच जमिनीवर वावरतात, त्यांचे मालक वेगळे, त्यांचे वरिष्ठ वेगळे, आणि मधल्या जागेवर दोघांचेही डोळे नसतात. फरक पडतो तो वेगाचा. वेग थोडा असला की चार ओळींची बातमी होते, वेग मोठा असला की शहर सुतकात बुडते. तेव्हापासून चिकलठाण्याची धावपट्टी लांबली, नवी इमारत उभी राहिली, शहराचे नावही २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. पण ती दुपार ज्यांनी पाहिली, त्यांस 'किरकोळ टक्कर' हा शब्दप्रयोग सहजासहजी उच्चारता येणार नाही.

बाहेरच्या जगानेही हा धडा मोठी किंमत मोजून घेतला आहे. इटलीत मिलान शहराच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ रोजी दाट धुके होते. चार माणसांचे एक लहान सेस्ना विमान जमिनीवरून जाताना सांगितलेल्या वाटेऐवजी दुसऱ्या वाटेला लागले आणि थेट धावपट्टीवर आले. तेथे उड्डाणाच्या वेगात असलेल्या ११० माणसांच्या विमानाशी त्याची टक्कर झाली. दोन्ही विमानांतील सर्वजण आणि जमिनीवर काम करणारे चौघे असे ११८ जण प्राणांस मुकले. वाट चुकली ती वैमानिकाची, हे खरे. परंतु वाटेवरील खुणा अपुऱ्या होत्या आणि जमिनीवरची हालचाल दाखवणारे रडार तेव्हा चालूच नव्हते. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर भूकंपग्रस्तांसाठी मदत नेणारे तटरक्षक दलाचे विमान धावपट्टीवर असताना जपान एअरलाइन्सचे विमान त्यावर उतरले. तटरक्षक दलाचे पाच जण गेले. प्रवासी विमान जळून खाक झाले, पण आतील ३७९ माणसे शिस्तीने बाहेर पडली व वाचली. या दोन्ही ठिकाणी लहान विमानास जमिनीवर कोठे असावे आणि ते कोठे आहे, या साध्या प्रश्नाच्या उत्तरात गफलत झाली होती.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. थांब्याजवळच्या टकरींत पत्रा वाकतो, विमा कंपनी पैसे देते, विमान दुरुस्त होते. एवढ्यासाठी नवे नियम, नवी माणसे आणि नवा खर्च कशास? दोषी वैमानिकास घरी बसवावे म्हणजे पुरे. या आक्षेपाचा पहिला भाग अर्धवट माहितीवर आधारलेला आहे. पंखाच्या टोकास बसलेला धक्का टोकाशी थांबत नाही. लांब दांड्याप्रमाणे तो मुळाशी जातो आणि बाहेरून न दिसणारी इजा तेथे करून ठेवतो. पुढचा पंखा कशावर आदळून अचानक अडला, तर इंजिन उघडून तपासावे लागते, बाहेरून ते कितीही धड दिसो. शिवाय लहान विमानांत बहुधा पेट्रोल वापरतात आणि पुष्कळ विमानांत ते पंखांतच साठवलेले असते. तेव्हा वाकलेला पत्रा हा हिशेबाचा सर्वांत स्वस्त आकडा होय.

आक्षेपाचा दुसरा भाग अधिक घातक आहे. कोलकात्याच्या घटनेनंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने इंडिगोच्या दोन्ही वैमानिकांस चौकशी होईपर्यंत कामावरून दूर केले. चौकशीसाठी ते योग्यच होते. पण एकाच व्यक्तीस शिक्षा झाली की प्रकरण मिटले, अशी प्रथा पडली तर तिचा परिणाम काय होईल, हे कोणत्याही शाळामास्तरास विचारावे. फुटलेली पाटी मुले दप्तरात लपवतात. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने विमान आत घेताना पंखाचे टोक दारास घासवले आणि कोणी पाहिले नाही. सांगावे तर प्रशिक्षण थांबणार, आईबापांनी कर्ज काढून भरलेले पैसे बुडणार. न सांगावे तर उद्या सकाळी दुसरा विद्यार्थी तेच विमान घेऊन आकाशात जाणार. अशा मुलाने खरे बोलावे असे वाटत असेल, तर खरे बोलणे त्यास परवडले पाहिजे. प्रामाणिक चुकीची कबुली देणाऱ्यास संरक्षण आणि लपवणाऱ्यास कठोर शासन, हा क्रम आहे. आपल्याकडे तो पुष्कळदा उलटा होतो, असे आम्हांस भय वाटते.

ही चर्चा आजच करणे का आवश्यक आहे, त्याचेही कारण आहे. महाराष्ट्रात विमानांची जमिनीवरील गर्दी वाढत आहे. अमरावतीहून १६ एप्रिल २०२५ रोजी प्रवासी सेवा सुरू झाली. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने जाऊ लागली. बारामती, धुळे, गोंदिया येथे तरुण मुले विमान चालवण्याचे शिक्षण घेतात. जिल्ह्याच्या गावी विमान यावे, आमच्या मुलामुलींनी वैमानिक व्हावे, या आकांक्षेचे आम्ही स्वागतच करतो. मात्र नवा विमानतळ म्हटला की आपण धावपट्टीची लांबी विचारतो, इमारतीचे चित्र पाहतो, उद्घाटनास कोण येणार याची चौकशी करतो. विमाने जेथे उभी राहणार ते आवार किती रुंद आहे, रेषा कोणी आखल्या, वाहनांची वाट वेगळी आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. नवे घर बांधताना दिवाणखान्याचे छत रंगवून घ्यावे आणि जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत की नाहीत ते पाहू नये, त्यातलाच हा प्रकार.

आमच्या मागण्या थोड्या आणि स्वस्त आहेत. पहिली अशी की, थांब्याजवळ झालेली प्रत्येक टक्कर, मग ती पत्रा खरचटण्याइतकी का असेना, विमानतळवार मोजली जावी आणि दरवर्षी ती यादी लोकांसमोर ठेवली जावी. गंभीर अपघातांच्या तपासासाठी २०१२ साली स्वतंत्र अन्वेषण विभाग स्थापन झाला. १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. एवढी यंत्रणा असताना लहान टकरींचे आकडे सामान्य नागरिकास सहज मिळू नयेत, याचे समर्थन होऊ शकत नाही. एकाच कोपऱ्यावर वर्षात तीनदा पंख घासला तर दोष तीन वैमानिकांत शोधण्याआधी तो कोपरा पाहिला पाहिजे, आणि कोपरा दिसावयाचा तर आकडे एकत्र मांडले गेले पाहिजेत.

दुसरी मागणी, जेथे शेजारी विमान उभे आहे अशा जागेत विमान नेताना पंखाच्या टोकाशी माणूस असावा. तो नसेल तर वैमानिकाने थांबावे, आणि त्या थांबण्याचा जाब त्यास कोणी विचारू नये. लहान विमानाच्या बाबतीत आणखी सोपा उपाय आहे. रिकामे सेस्ना १७२ सुमारे साडेसातशे किलो वजनाचे असते; पुढच्या चाकास दांडा लावून दोन माणसे ते हाताने ओढू शकतात. अरुंद जागेच्या तोंडाशी इंजिन बंद करावे आणि विमान ढकलत आत न्यावे. यास न वीज लागते, न परदेशी यंत्र. तिसरी मागणी वाहनांची. विमानतळाच्या आवारात वाहन चालवण्यासाठी वेगळा परवाना लागतो. पण ओढगाडी व मालट्रक चालवणारे कामगार बहुधा ठेकेदाराचे असतात आणि ते किती तास सलग कामावर होते, हा प्रश्न टक्कर झाल्यावरच निघतो. परवान्याबरोबर त्यांच्या विश्रांतीचीही तपासणी व्हावी. चौथी मागणी अशी की, जिल्ह्याच्या कोणत्याही धावपट्टीवर प्रशिक्षणास परवानगी देण्यापूर्वी कुंपण, रेषा, विमानांच्या उभे राहण्याच्या जागा आणि शेजारच्या रस्त्याची व्यवस्था ही प्रत्यक्ष पाहून नोंदवली जावी, आणि कुंपणाबाहेरची जबाबदारी कोणाची, ते अधिकाऱ्याच्या हुद्द्यानिशी लिहून ठेवावे. १९९३ साली जी जागा कोणाचीच नव्हती, तशी जागा महाराष्ट्रात पुन्हा कोठे राहता कामा नये.

यातील एकाही गोष्टीस मोठी बुद्धी वा मोठा निधी लागत नाही. लागते ती शेवटच्या शंभर पावलांकडे पहिल्या शंभर मैलांइतक्याच गांभीर्याने पाहण्याची सवय. वडीगोद्रीच्या नाक्यावर ट्रकच्या पत्र्यावर पडणारी थाप ऐकून ताबडतोब थांबणाऱ्या चालकास ही सवय कोणी पुस्तकातून शिकवली नाही. आपल्यास मागचे दिसत नाही, एवढे मान्य करण्यात त्यास कमीपणा वाटत नाही, इतकेच. विमानतळांचा कारभार पाहणाऱ्यांनी, प्रशिक्षण संस्थांच्या चालकांनी आणि शासनाने तेवढे मान्य करावे. १९९३ च्या त्या दुर्घटनेत प्राणांस मुकलेल्या ५५ जणांचे आपण एवढे तरी देणे लागतो.